गेटपासून सव्वा किलोमीटर

मला गाडी चालवता येत नाही. नवऱ्याला येते, पण आमच्याकडे गाडी नाही. आणि राजुऱ्याला माझ्या दिराकडे आहे ती मागायची मला हौस नाही. दीर तसा चांगला माणूस. पण एकदा त्याच्या गाडीत बसलं की पुढची दोन वर्षं प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात "वहिनीले मीच नेलं होतं" हे ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मायला जंगलात न्यायचं ठरलं, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की आम्ही दोघी एसटीनं जाऊ.

मायला जंगल दाखवायचं, हे वाक्यच खरं तर विचित्र आहे. आमचं गाव त्याच जंगलाच्या पोटात होतं. आम्ही मासे धरणारी माणसं, गावाला लागून मोठा तलाव, त्याच्यावरच घर चालायचं. वाघांसाठी गाव बाहेर काढायचं ठरलं, तेव्हा माझं लग्न होऊन मी भद्रावतीला आले होते. दोन ट्रक सांगितलेल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी येऊन उभे राहिले. भांडी चढली, शेळ्या चढल्या, जाळी चढली. या धांदलीत मायची एक गोष्ट राहून गेली. तिला तलावाची ओटी भरायची होती. ज्याच्या पाण्यावर जगलो त्याचा निरोप घ्यायचा होता.

तेव्हापासून ती मुख्य रस्त्याजवळच्या नव्या वस्तीत राहते. घर पक्कं आहे, नळाला पाणी आहे, तलाव नाही. मी माहेरपणाला जाते आणि परत निघताना ती डाळ देते, सुकी मासळी देते, लोणचं देते. ओटी मात्र भरत नाही. इतर पोरी आईकडून भरल्या ओटीनं निघतात आणि मी पिशव्या उचलून निघते. पहिल्यांदा वाटलं विसरली असेल. मग एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, "त्या तलावाची राह्यली आहे वं. त्याच्या आधी तुही कशी भरू?" मी मनातल्या मनात कुढत राहिले. इतकी वर्षं कुढले आणि शेवटी या उन्हाळ्यात म्हटलं, चल, एकदाची भरून ये.

आता आत जायचं तर सफारीची उघडी जिप्सीच पाहिजे. तीही सकाळी साडेपाचला जंगलाच्या गेटवर हजर असलं तर. म्हणजे आदल्या रात्री गेटजवळ मुक्काम करायलाच हवा. मुक्कामाची जागा शोधायचं काम मी चार दिवस केलं. परीक्षेचा अभ्यास मी इतका केला असता तर आज कुठल्या कुठे असते. मोबाइलवर फोटो पाहिले, लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं, गाद्यांचा रंगसुद्धा पाहिला. गेटच्या अगदी समोर गावातल्या लोकांनी घरामागे काढलेल्या खोल्या होत्या. वर टीन, बाहेर मोरी, फोटोत कोंबडी. माय म्हणाली, "तिथीच राहू. कोणाच्याई पडवीत झोपू." मी म्हटलं, "तू गप्प बस. जन्मात एकदा जायचं तर जरा बरं राहू." आणि मी हॉटेल निवडलं. बाग, पोहायचा तलाव, आणि नकाशात ठळक लिहिलेलं, गेटपासून सव्वा किलोमीटर. सफारीच्या दोन सीटाही त्यांच्याचमार्फत घेतल्या. सव्वा किलोमीटर म्हणजे काय, माझ्या घरापासून बाजार त्याहून लांब आहे.

चंद्रपूरहून निघालेल्या एसटीनं दुपारी आम्हाला हॉटेलच्या पाटीसमोरच उतरवलं. मी मायकडे असं पाहिलं की जणू रस्ताही मीच बांधला होता. बस गेली, धूळ खाली बसली, आणि मग कळलं की रस्त्यावर आम्ही दोघीच आहोत. ऑटो नाही, टपरी नाही, सायकलसुद्धा नाही. हॉटेलला चारी बाजूंनी तारेचं कुंपण, त्यात वीज सोडलेली. आम्ही आत गेलो आणि मागे फाटक लागलं.

मॅनेजर जवळच्याच गावचा होता. माझी वही तपासावी तसा त्यानं रजिस्टरवरून बोट फिरवलं आणि थांबला.

"मॅडम, गाडीचा नंबर?"

"गाडी नाही."

"मंग आल्या कशा?"

"एसटीनं."

त्यानं पेन खाली ठेवला. "मंग सकाळी गेटवर कशा जासान?"

"पायी. सव्वा किलोमीटर तर आहे."

तो हसला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, "मॅडम, या रस्त्यानं संध्याकाळी पाच वाजल्यापासून सकाळी सात वाजेपर्यंत कोणालेच पायी सोडत नाई. वाघ रोजचा आहे इथी. फाटकच उघडत नाई आमी. अन् आमची गाडी चंद्रपूरले लग्नात गेली."

चार दिवस मी गाद्यांचे रंग पाहिले होते. गेटपर्यंत जायचं कसं, हे एकदाही पाहिलं नव्हतं. सव्वा किलोमीटर हे गाडीवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. गाडी नसलेल्याला ते पन्नास किलोमीटर असलं काय आणि सव्वा असलं काय, सारखंच.

मायनं सगळं ऐकलं होतं. ती मॅनेजरला म्हणाली, "बाबू, ह्या रस्त्यानं मी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराले जात होती. अंधारातच निघत होती. वाघ तवाई होता."

"तवाचं वेगळं होतं मावशी," तो म्हणाला. आवाजात आदर होता, पण फाटकाची किल्ली त्याच्या खिशातच राहिली.

ती संध्याकाळ मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. खोलीतली खिडकी उघडत नव्हती. एसी होता, माय त्याच्यानं आखडली. बंद करावा तर भट्टी. बाहेर येऊन बागेत बसलो. कुंपणापलीकडे मोहाचं झाड होतं आणि खाली फुलांचा सडा पडलेला. ती वेचायला कोणीच येत नव्हतं. माय तारेपासून हातभर अंतरावर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. "सडून चालले," एवढंच म्हणाली. मग पोहायच्या तलावापाशी गेली, वाकून निळ्या पाण्यात पाहिलं आणि मला विचारलं, "याच्यात काहीच नाई?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग काऊन भरला?"

मला तिचा राग आला. खरं तर स्वतःचा आला होता, पण तो नेहमी तिच्यावरच निघतो. मी तिला म्हटलं की तुला कुठंच काही पटत नाही, चांगल्या जागी आणलं तरी तुझं तोंड वाकडंच. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. त्या टोकात तिनं ओटीचे तांदूळ घरूनच बांधून आणले होते. नारळ, ब्लाउजपीस आणि हळदकुंकू पिशवीत होतं. सकाळी फाटक उघडलं नाही तर ते सगळं तसंच परत न्यायचं, आणि परत इथं यायचं धाडस माझ्याच्यानं होणार नाही, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं. तिचे गुडघे दर वर्षी आणखी थकत चालले होते. फाटकाजवळच्या एका कोपऱ्यातच मोबाइलला रेंज होती. तिथं उभी असताना दिराचा फोन आला. "पोचल्या का वहिनी? काही अडचण?" मी म्हटलं, "छे, मस्त आहे. गेट तर इथंच आहे." फोन ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून रडले.

आम्हाला सोडवलं ते मॅनेजरनंच. आमच्या जिप्सीतल्या उरलेल्या सीटा एका कुटुंबाच्या होत्या. नवरा, बायको आणि एक मुलगी, दूरच्या शहरातून आलेले, त्याच हॉटेलात उतरलेले. मॅनेजर जेवणाच्या वेळी त्यांच्या टेबलापाशी गेला आणि सकाळी आम्हाला गेटपर्यंत न्याल का, असं विचारलं. बायकोनं आमच्याकडे पाहिलं, नवऱ्यानं गाडीतल्या सामानाचा विचार केला, आणि मग हो म्हटलं. मी दहा वेळा थँक्यू म्हटलं. दिराला एकदा म्हटलं असतं तर भागलं असतं.

सकाळी त्यांच्या गाडीत मागे आम्ही दोघी आणि त्यांची मुलगी अशा कोंबून बसलो. नवरा गाडी चालवता चालवता मायला समजावून सांगत होता. "मावशी, इथं पूर्वी काहीच नव्हतं बरं का. नुसतं घनदाट जंगल." माय काचेबाहेर पाहत "हो का" म्हणाली. दोनच मिनिटांत गेट आलं. खरंच दोन मिनिटांत. समोर त्या टीनाच्या खोल्यांतून लोक चहाचे ग्लास हातात घेऊन चालतच गेटवर येत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गेटवर मोबाइल जमा झाले, पिशव्या उघडल्या. तपासणाऱ्यानं नारळ बाहेर काढला. ब्लाउजपीस, हळदकुंकवाच्या पुड्या, सगळं टेबलावर मांडलं. "हे आत नाई जात मावशी. परत येताना घेऊन जा." मायनं एकदा नारळाकडे पाहिलं आणि पदराची गाठ मुठीत धरून जिप्सीत चढली. तांदळाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आमच्यासोबत गाइड म्हणून एक तरुण मुलगी होती, खाकी कपड्यातली, चटपटीत. ती ठसे दाखवत होती, पक्षी दाखवत होती. माय वेगळंच पाहत होती. एका ठिकाणी माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "शाळा." मी पाहिलं तर गवत होतं. मग चिंचेचं झाड आलं, ते मलाही ओळखू आलं. त्याच्या पुढे तलाव होता.

तलावाला आता एका वाघिणीचं नाव दिलंय. गाइड ते नाव सांगू लागली तशी माय म्हणाली, "मोठा तलाव आहे हा. मोठा तलावच म्हणतेत याले." पाणी आटलेलं होतं, पण होतं. धुणं धुवायचा आमचा दगड तसाच होता, थोडा तिरपा. जिप्सीपासून तो अंगणाच्या टोकाइतकाच दूर असेल.

"बाई, मले उतरू दे," माय गाइडला म्हणाली. "पाच मिनिटं. पाण्याले हात लावते अन् येते."

"नाई उतरता येत मावशी."

मायनं गाठ सोडली. तांदूळ ओंजळीत घेतले आणि जिप्सीच्या कडेवरून हात बाहेर काढला. गाइडनं तो हात हलकेच धरला. "मावशी, काई टाकू नका. मागच्या गाडीवाल्यानं पाहिलं तर माहं काम जाईन. घरी मी एकटीच कमावणारी आहो."

इतक्या वर्षांची वाट त्या ओंजळीत होती. मी मनात म्हणत होते, टाक, माय, टाकून दे. पण तिनं त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओंजळ मागे घेतली. एक दाणाही न सांडता तांदूळ परत बांधले. मला वाटलं होतं हॉटेलात आम्ही अडकलो होतो. खरं अडकणं ते नव्हतं. आपल्या तलावासमोर, आपल्या दगडासमोर माय एका गाडीत बसून होती आणि तिला पाय खाली टेकवता येत नव्हता.

आणि मग वाघीण आली. झुडपातून निघाली, सावकाश दगडापाशी गेली, पाणी प्यायली आणि त्याच्यावरच पुढचे पाय टाकून बसली. त्या कुटुंबातल्या मुलीनं माझा हात दाबला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, माझ्याही असेल. मायनं बराच वेळ पाहिलं. "माह्याच दगडावर," ती पुटपुटली. रागावली होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

गेटवर उतरलो, मागे गेटचा आडवा दांडा खाली पडला, आणि तपासणाऱ्यानं नारळ, ब्लाउजपीस, हळदकुंकू सगळं परत दिलं. गाडीवाल्यानं आम्हाला हाक मारली, त्याला नाश्त्याची घाई होती. मी म्हटलं, "चल माय." ती हलली नाही. नारळ हातात घेऊन दांड्यापाशी उभी राहिली.

"त्याले काय कमी आहे?" ती म्हणाली. "पाणी आहे, वाघ आहे, लोकं पाह्यले येऊन राह्यले. त्याले माही ओटी नाई लागत. तूच इतके वर्ष रिकामी जाऊन राह्यली. पदर धर."

मला पदर कुठला! जंगलात भडक रंग घालू नये असं कुठंतरी वाचून मी मातकट टी-शर्ट आणि पँट घालून आले होते. मी टी-शर्टचाच पुढचा भाग दोन्ही हातांनी ताणून धरला. मायनं हळदकुंकू लावलं, ब्लाउजपीस ठेवला, नारळ ठेवला, आणि गाठ सोडून पाच वेळा मुठीनं तांदूळ टाकले. मी भर रस्त्यात लहान पोरीसारखी रडत होते आणि गाडीवाला हॉर्न देत होता.

ओटीतले चार दाणे ज्या घरून निघतो त्या घरी परत टाकायचे असतात, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. मी मायकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच दांड्याकडे दाखवलं. गाइड पोरगी तिथंच उभी होती, आमच्याकडेच पाहत होती. मी एका हातानं ओटी सावरत वाकले, दुसरा हात दांड्याखालून आत घातला आणि चार दाणे आतल्या मातीवर ठेवले. त्या पोरीनं तोंड दुसरीकडे वळवलं.