न्यासभंग आणि मावशीची खोली

दुसऱ्याचं घेऊन बसण्याला कायद्यात जेवढे शब्द आहेत, तेवढे परत देण्याला नाहीत. न्यायालयीन कागदांची भाषांतरं करण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून हे खात्रीने सांगते. चोरी, अपहार, न्यासभंग, अतिक्रमण, गैरलाभ. प्रत्येकाचा तोरा असा, की शेजारच्या शब्दाशी आपली सोयरीक लावू नये.

हे शब्द घरात लागतील असं वाटलं नव्हतं. लालबागच्या चाळीत मावशीची खोली आहे. तिचे यजमान गेल्यावर ती सासूच्या आजारपणासाठी गावी गेली. देव्हारा मात्र खोलीतच ठेवला. आमच्याकडे देव उगाच हलवत नाहीत, आणि त्यांना अंधारातही ठेवत नाहीत. दिवा लावायला तिने दिराच्या मुलाला चावी दिली. तो आधी संध्याकाळपुरता यायचा, मग मुक्काम करू लागला, मग बायकामुलं आली आणि शेवटी कुलूप बदललं. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू होताच, जो राहतो त्याची खोली, असं तो सांगू लागला.

मावशी माझ्याकडे, शिवाजी पार्कला आली. मी तिला ओळखीच्या वकिलांकडे नेलं. चोरी म्हणता येत नव्हती, चावी तिनेच दिली होती. घुसखोरीही नाही, तो दारातून रीतसर आला होता. अखेर विश्वासाने सोपवलेलं बळकावण्यासाठी असलेला ‘न्यासभंग’ हा शब्द वकिलांनी असा उच्चारला, की मागून भालदार-चोपदार येतील असं वाटलं. मावशीने विचारलं, हे पुतण्याला कळेल का? न्यायाधीशांना कळेल, वकील म्हणाले.

“पण खोली तेंच्याकडे नाय,” मावशी म्हणाली. “त्येच्याकडे हा.”

नोटिशीचा मसुदा तयार होत होता, तोवर चाळीची सत्यनारायणाची पूजा आली. आरतीनंतर वयाने मोठं माणूस देवासमोर गाऱ्हाणं घालतं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे हात जोडून “व्हय महाराजा” म्हणतात. त्या वर्षी मान मावशीचा होता. पुतण्या गॅलरीत पुढेच उभा होता.

तिने आधी चाळीतल्या पोरांच्या नोकऱ्या मागितल्या, आजारी माणसांना आराम मागितला. चाळ दणक्यात “व्हय महाराजा” म्हणत होती, पुतण्याही. लय लागली होती. आवाज न बदलता मावशी म्हणाली, “बा देवा महाराजा, ही खोली माझ्या घोवाची, त्येच्यामागून माझी. पुतण्याक चावी दिलंय ती दिवो लावूक, ऱ्हवूक न्हय.”

“व्हय महाराजा,” सगळे म्हणाले. त्यात त्याचा आवाज खणखणीत होता.

“माझी चावी माझ्या हातात येवंदे.”

या वेळी तो गप्प. शेजारच्या काकू वळून म्हणाल्या, “काय रे, आताच घसा बसला?”

प्रसाद वाटून व्हायच्या आत त्याने चावी आणून दिली. मुलाची परीक्षा होईपर्यंत राहू दे, काकी, एवढंच म्हणाला. तिने राहू दिलं, पण त्याच रात्री आपली वळकटी देव्हाऱ्याखाली पसरली. परीक्षा संपल्यावर तो डोंबिवलीला गेला.

वकिलांना प्रकरण बंद करायला शब्द हवा होता. मी ‘तडजोड’ सुचवला. मावशीला तो मुळीच पटला नाही. तिचं होतं, तिच्याकडे आलं. यात जोडलं काय आणि तोडलं काय?

दिवा आता ती स्वतः लावते. चावी कोणाला देत नाही. मलाही नाही.