बोट वाचवा, वॉर्ड बुडवा

मी तेरा वर्षांची असताना इंग्लंडमधल्या आमच्या शाळेने आम्हाला बोटीतून भूमध्य समुद्रात फिरवून आणलं. बोट म्हातारी होती. उमेदीच्या काळात तिने आफ्रिकेच्या वसाहतींमध्ये साहेब, त्यांच्या मडमा आणि त्यांच्या टेनिसच्या रॅकेटी वाहून नेल्या. वसाहती गेल्या, साहेब घरी परतले, तेव्हा तिच्या पोटात लोखंडी बंक, म्हणजे एकावर एक अरुंद खाटा, ठोकून आमच्यासारखी शाळकरी पोरं भरली. मला ग्रीसपेक्षा वरच्या बंकवरून खाली केलेली उलटी जास्त आठवते.

पुढे अर्जेंटिनाशी फॉकलंड बेटांवरून युद्ध लागलं आणि टीव्हीवर तीच बोट दिसली. पांढरी रंगवलेली, कुशीवर लाल क्रॉस. त्या वेळच्या पोरांना अर्ध्या सहलीतून उतरवलं होतं, आणि आठवडा व्हायच्या आत आमच्या झोपायच्या हॉलचा वॉर्ड झाला होता, शेजारी ऑपरेशन थिएटर, मागच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरायला जागा. मी मोर्च्यात ‘युद्ध थांबवा’ म्हणून घसा बसवून घेत होते. तरी मान्य करते, काम झकास झालं होतं. मनात आणलं की सरकारला सगळं जमतं.

आईच्या वॉर्डच्या बाबतीत मात्र कुणी मनात आणत नव्हतं. आई कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डची सिस्टर होती. बारा खाटा. युद्धानंतर तीन-चार वर्षांनी तो बंद करायचं ठरलं. कारण काय, तर लिफ्ट बिघडलीय, पेशंटना वर-खाली नेणं धोक्याचं. मग लिफ्ट दुरुस्त का नाही करत? तर वॉर्ड बंदच होणार आहे, लिफ्ट कशाला? हे उत्तर हॉस्पिटलच्या मॅनेजरने अजिबात न हसता दिलं. त्याच्या कोटावर तेव्हा एक बिल्ला असायचा: ‘बोट वाचवा’.

हो, तीच बोट. लष्कराचं काम संपल्यावर ती भंगारात निघाली होती आणि भल्या भल्या माणसांना गहिवर आला होता. आमच्या मॅनेजरने तर हॉस्पिटलच्या हॉलमध्ये तिच्यासाठी एक संध्याकाळच ठेवली. स्लाइड शो, शेरी आणि सह्यांचा अर्ज.

मी लगेच पत्रक काढलं. मथळा: ‘बोट वाचवा, वॉर्ड बुडवा!’ खाली लिहिलं, चैनीच्या बोटीला आठवड्यात थिएटर, आमच्या आज्यांना साधी लिफ्ट नाही. मग मराठी मंडळातल्या डॉक्टरकाकांकडे सह्या मागायला गेले.

‘अगं, विषय शंभर टक्के योग्य आहे,’ एक काका म्हणाले, ‘पण माझं प्रमोशन अडकलंय. सही करतो, प्रिस्क्रिप्शनच्या अक्षरात.’

बाकीच्या काकांनाही ही युक्ती पसंत पडली. त्या कागदावर फार तर खोकल्याचं औषध मिळालं असतं.

आईने पत्रक वाचलं. स्टाफने जाहीर बोलायचं नाही असा हुकूम होता, म्हणून ती घरातही हळू बोलायची.

‘“चैनीच्या” काढ.’

‘का?’

‘तिथे माणसं भाजून आली होती.’

मी काढलं नाही. छापून झालं होतं, आणि शब्द जोरदार होता.

त्या संध्याकाळचा प्रमुख पाहुणा होता त्या बोटीवर उपचार झालेला एक माजी सैनिक, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. दोन्ही हातांवर भाजल्याचे वण. दारातच मी त्याला पत्रक दिलं. त्याने तिथेच उभं राहून वाचलं.

‘चैनीची? तू गेलीयेस कधी तिच्यावर?’

‘शाळेच्या ट्रिपला.’

‘मग बंक बघितले असशील. पोरांच्या मापाचे. माझे पाय शेवटपर्यंत बाहेर लोंबत होते. चैन, म्हणे!’

मी पत्रकांचा गठ्ठा पाठीमागे धरला.

‘लिफ्टचं तरी खरं आहे का?’ त्याने विचारलं.

मी त्याला जिन्याने वर आईच्या वॉर्डात नेलं. आईने चहा दिला, आणि कप त्याच्या दोन्ही तळव्यांत नीट बसेपर्यंत सोडला नाही. तो खाटांमधून फिरला, दोन आज्यांशी बोलला आणि खाली उतरला.

खाली मॅनेजरने त्याची ओळख करून दिली. आपल्या लाडक्या बोटीला वाचवा, असं सांगायला हे शूर तरुण आले आहेत वगैरे.

‘बोट भंगारात जाऊ द्या,’ तो म्हणाला. शेरीचे ग्लास ओठांपाशी थांबले. ‘लोखंड आहे ते, गंजलंय. मला वाचवलं सिस्टरांनी आणि एका खाटेने. तशा बारा खाटा वर आहेत, आत्ताच बघून आलो. लिफ्टला किती दिवस लागतील, सर? बोटीला आठवडा पुरला होता.’

‘इथली परिस्थिती जरा गुंतागुंतीची आहे,’ मॅनेजर म्हणाला.

‘तिथे समुद्र होता,’ तो म्हणाला आणि खाली बसला.

स्थानिक पेपरचा फोटोग्राफर बोटीसाठी आला होता. छापून आला तो बंद लिफ्टचा फोटो. महिन्याभरात लिफ्ट चालू झाली, आणि पत्र आलं: वॉर्ड बंद करण्याचा निर्णय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत स्थगित. बोट मात्र ओढत पूर्वेकडे नेली आणि तोडली.

मी भडकले. ‘हा काय विजय झाला? नुसतं पुढे ढकललंय! उन्हाळ्यात पुन्हा कुलूप घेऊन येतील.’

आई जेवणाच्या टेबलावर हिवाळ्याच्या ड्यूट्यांचा तक्ता लावत होती.

‘येतील. तेव्हा काढ नवं पत्रक. पण बारा जणींतल्या किती जणी उन्हाळा बघणार आहेत, ते मला विचार. त्यांचा हिवाळा आता आपापल्या खाटेवर जाईल.’

ख्रिसमसच्या दिवशी कुणीच मोकळं नव्हतं. तक्त्यातल्या त्या चौकोनात तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं.