तिसरी खोट

आमच्या आणि उत्तमभाऊंच्या घरात मिळून एक भिंत सामाईक आहे. बजाजनगरातल्या जुन्या रो-हाऊसची रचनाच तशी. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून उभी. या भिंतीवर आमच्या दोन घरांचा कारभार वर्षानुवर्षं चालला. एक थाप म्हणजे चहा झालाय, या. दोन थापा म्हणजे हातातलं टाकून या. बहुतेक वेळा टीव्हीवर काहीतरी बघण्यासारखं लागलेलं असायचं. तीन थापा कशासाठी, हे कधी ठरलंच नव्हतं, कारण तशी वेळ आली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी मी कणीक मळत होते आणि भिंतीवर तीन थापा पडल्या. पिठाच्या हातांनी तशीच धावले. उत्तमभाऊ खुर्चीत बसलेले, समोर अर्धा प्यालेला चहा... सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "बाई, हे उठंनात." डॉक्टर आले, त्यांनी सांगायचं ते सांगितलं. पण मला बातमी भिंतीनं आधीच दिली होती.

सुरुवात अशी केली खरी, पण उत्तमभाऊंवर रडवेलं लिहिलं तर ते मला माफ करायचे नाहीत. मला ते सुरुवातीपासून 'बाई' म्हणायचे, कारण मी इथल्याच शाळेत शिकवत होते. वर्गात कुणालाही न घाबरणारी मी, पण हा माणूस घरात शिरून भिंतीकडे बघायला लागला की मी आधी पसारा झाकायला धावायचे. आता काय काढतात, कोण जाणे!

उत्तम साळवे मूळचे वैजापूर तालुक्यातले. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या टाक्या रंगवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. टाकीवर केसाएवढी रेघ राहिली तरी त्यांना ती दुरून दिसायची आणि तीच नजर घेऊन ते निवृत्त झाले. मग रिकामं बसवेना. आमच्या गल्लीत कुणी घर विकायला काढलं की भाऊ भिंत खरवडून पुट्टी भरायची पत्ती आणि लोखंडी स्टूल घेऊन हजर. घर दाखवण्याजोगं करून द्यायचं, आणि घेणारे आले की आपणच फिरून दाखवायचं, असा त्यांनी स्वतःच उद्योग लावून घेतला. पाहता पाहता लोक त्यांनाच बोलवायला लागले.

त्यांची पद्धत सगळी स्वतःची. कामाला हात लावण्याआधी ते प्रत्येक खोलीत स्टूल मांडून बसत, कारण घेणारा आधी बसतो आणि मग बघतो, असं त्यांचं म्हणणं. बसल्यावर समोर जे दिसेल ते आधी नीट करायचं. पंख्याखालची जागा पाहुण्यासाठी मोकळी ठेवायची. उन्हाळा असेल तर सकाळी दहाच्या आत घर दाखवायचं, म्हणजे फरशी पायाला गार लागते. उदबत्त्यांचा धूर करायचा नाही. लसणाची फोडणी द्यायची, म्हणजे या घरात माणसं दोन वेळा जेवतात हे सांगावं लागत नाही. निम्मं सामान हलवायचं. ओल असेल तर तिच्यावर रंग चढवायचा नाही, ती आधी सुकवायची. आणि सगळ्यात मोठा नियम त्यांनी मला त्याच स्टुलावर बसून समजावला होता.

"बाई, घराची एक खोट आपण होऊन सांगायची. मग मानूस दुसरी हुडकतच नाय."

"आणि दोन सांगितल्या तर?"

"दोन सांगितल्या तर त्याला वाटतं, आत अजून धा असतील."

पलीकडच्या गल्लीतल्या रफिकचाचांना हा नियम अजिबात पटला नव्हता. त्यांचं घर दाखवताना पाहुण्यांना दारातच भाऊंनी सांगून टाकलं की, मोरीचं तोंड बारीक आहे, भांडी घासताना पाणी तुंबतं. रफिकचाचा त्यांना बाजूला ओढत म्हणाले, "उत्तमभाऊ, मैं घर बेचरा हूँ के बदनाम कररा हूँ?" पण त्या पाहुण्यांनी मोरी पाहिली, मान डोलावली आणि बाकी घर निर्धास्तपणे बघितलं. दुसऱ्या रविवारी सौदा झाला. नंतर रफिकचाचांनी आणलेली बिर्याणी आम्ही दोन घरांनी मिळून संपवली.

मग आमची पाळी आली. आमच्या यांना करमाडच्या बाजूला, शेंद्र्यात, नवी नोकरी लागली. वाळूज शहराच्या या टोकाला, शेंद्रा त्या टोकाला. रोज अख्खं शहर ओलांडून जायचं आणि पुन्हा ओलांडून यायचं. महिन्याभरात यांची पाठ बोलायला लागली. तिकडंच घर घेऊ, हे विकू, असं ठरलं. मी भिंतीवर दोन थापा मारून भाऊंना बोलावलं आणि सांगितलं. त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "दाखवण्याजोगं करू की. त्यात काय?"

आणि केलंच! महिनाभर ते आमच्या घरात राबले. यांना विचारून पुढच्या खोलीला फिका पिस्ता रंग दिला. रंग निवडायची त्यांची एक खोड होती: कुणाच्याही घराला रंग द्यायचा झाला की आधी तो स्वतःच्या घरी, पुढच्या दाराआडच्या भिंतीवर वीतभर लावून बघायचा. सकाळी कसा दिसतो, दिवा लावल्यावर कसा दिसतो, हे दोन दिवस बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आमचा पिस्ताही तिथं लागला. माझे माळ्यावरचे स्टीलचे ड्रम, जुनं कपाट, शिवणयंत्र, सगळं उचलून त्यांनी आपल्या घरात नेलं. वहिनींना स्वतःच्या स्वयंपाकघरात आडवं होऊन शिरावं लागायचं. त्या म्हणायच्या, "बाईंचं घर पाहुण्यावानी नटलं आन् माझ्या घराचं गोडाऊन झालं." घर असं दिसायला लागलं की आम्ही दोघं नवरा-बायको त्यात जपून वावरायला लागलो.

घेणारे यायचे, घर आवडलं म्हणायचे आणि जायचे ते जायचेच. एक नाही, दोन नाही, पाच घरंदाज कुटुंबं येऊन गेली. घर दाखवताना भाऊ आम्हाला मागच्या अंगणात बसवत. मालक समोर असला की घेणारा मोकळा बोलत नाही, हाही त्यांचाच नियम. मला वाटलं, वास्तूतच काही आहे की काय! मी शिकलेली बाई, पण चोरून दाराला लिंबू-मिरची बांधून बघितली. भाऊंनी ती काढून वहिनींना दिली. त्या लिंबाचं सरबत झालं.

खरा प्रकार मला एका लग्नात कळला. पाचांपैकी एक, वैजापूरचे कांद्याचे व्यापारी, पंगतीत माझ्या शेजारी आले. मी विचारलंच, घर का नाही आवडलं? ते म्हणाले, "घर लई झ्याक होतं हो बाई. पर त्या दाखवणाऱ्या मानसानं खरं काय ते सांगितलं. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापती. गच्चीला जिना उभा हाय. ते चाललं असतं. पर शेजारी म्हने लई भांडखोर. दिसभर पत्ती घेऊन भिंती खरवडतो, कुनाला झोपू देत नाय." माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. तो भांडखोर शेजारी आणि तो सज्जन माणूस एकच, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार?

मी तडक भाऊंच्या दारात. ते स्टुलावर बसून पत्ती पुसत होते. म्हटलं, "भाऊ, आमचा शेजारी लई भांडखोर आहे म्हणे." त्यांनी वर बघितलं आणि शाळेतली पोरं पकडली गेली की करतात तसा चेहरा केला. आत वहिनींनी पदराचा बोळा तोंडाला लावलेला. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे उघड होतं. मला रागही आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. शेवटी भाऊ म्हणाले, "चुकलं बाई. पर भिंतीपल्याड कोन येऊन बसंल, काय सांगावं... थाप मारली तर उलटी थाप देईल का नाय?" मग स्वतःच म्हणाले, "येत्या रविवारी नीट दाखवतो. एकच सांगतो. तुमची शप्पथ."

शब्दाला जागले. रविवारी आलेल्या कुटुंबाला त्यांनी फक्त पश्चिमेच्या भिंतीचं सांगितलं. बाकी घर असं दाखवलं की पाहुण्यांनी तिथंच होकार दिला, संध्याकाळी बयाणा घेऊन येतो म्हणाले. ते गेले आणि भाऊ आमचं सामान परत आणायला लागले. आता बांधाबांध करायची होती ना! एकेक ड्रम छातीशी धरून आणायचे, ठेवायचे, खाली बघत परत जायचे. चौथा ड्रम आला तेव्हा आमचे हे उठले. यांना मी लग्नात रडताना पाहिलं नव्हतं आणि मुलीच्या पाठवणीतही नाही. बाहीनं डोळे टिपत म्हणाले, "भाऊ, तो ड्रम माळ्यावर ठेवा. आम्ही कुठं जात नाही." मग पाहुण्यांना फोन करून माफी मागितली. भाऊंनी त्यांना दोन गल्ल्या सोडून दुसरं घर बघून दिलं, तेही स्वतःच्या हातानं रंगवून. आमचे हे निवृत्त होईपर्यंत रोज शहर ओलांडत राहिले आणि पाठ दुखली की भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचे, "शेजारी लई वाईट!" पलीकडून एक थाप यायची. चहा तयार.

आता ही सगळी मजा सांगितली, कारण गेल्या आठवड्यात जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा रोहित म्हणाला, आई एकटी इथं कशी राहील, तिला पुण्याला नेतो, घर विकू. मुलगा गुणी आहे, त्याचं काही चुकत नव्हतं. वहिनींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रोहित मला म्हणाला, "काकू, बाबांची पद्धत तुम्हालाच माहीत. घर तुम्हीच तयार करा आणि तुम्हीच दाखवा." मी भाऊंचं स्टूल मांडलं, त्यांची पत्ती हातात घेतली. वहिनी गेल्या तर थाप मारायची कुठं, हा भाऊंचा प्रश्न आता माझ्याकडे आला होता.

एजंट येऊन बघून गेला. म्हणाला, हॉलमधली बुद्धमूर्ती आणि तो निळ्या कोटातला फोटो दाखवण्यापुरता आत ठेवा, गिऱ्हाईक वाढेल. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ज्याला फोटो खटकतो, त्याला माझं घर इकायचं नाय." एजंटनं फोटोचा विषय पुन्हा काढला नाही. मात्र दाराआडच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, ही तेवढी रंगवून घ्या. मी दार ओढून बघितलं. वीतवीतभर रंगांचे पट्टे, वरपासून खालपर्यंत. रफिकचाचांचा आकाशी, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा बदामी, आमचा पिस्ता... दुसऱ्यांची घरं नटवणाऱ्या या माणसाच्या घरातली ही एक भिंत कधीच एका रंगाची झाली नव्हती. मी डबा उघडला, ब्रश बुडवला आणि तसाच परत ठेवून दिला. हीच सांगायची एक खोट, असं ठरवलं.

रविवारी सकाळी दहाच्या आत एक जोडपं आलं. फरशी गार होती, आत वहिनींनी लसणाची फोडणी दिली होती. पाहुणे पंख्याखाली बसले, खूश दिसले. मी दार ओढून ती भिंत दाखवली, रंग का लागलेत ते सांगितलं. त्या बाई हसल्या, म्हणाल्या, "छान आहे की, असू दे." सौदा माझ्या डोळ्यांदेखत जुळत होता. आता गप्प बसायचं होतं. भाऊंनी बजावलेलं होतं. पण माझं तोंड माझं ऐकेना.

"आणखी एक आहे," मी म्हटलं. "शेजारीण लई भांडखोर आहे."

त्या बाई दचकल्या. "कुठल्या बाजूची?"

आत भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ वहिनींचं हसू. दोन महिन्यांत मी ते ऐकलंच नव्हतं. डोळे पुसत, चहाचा ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या, पाहुण्यांपुढं कप ठेवले आणि म्हणाल्या, "तिसरी मी सांगते. घर इकायचं नाय. तुमचा येळ मोडला, माफ करा. चहा मातर घेऊन जा."

पाहुण्यांनी चहा घेतला; माणसं चांगली निघाली. रोहितला संध्याकाळी वहिनींनीच फोन केला. तो आधी चिडला, मग महिन्याआड येतो म्हणाला. दाराआडच्या भिंतीला कुणी हात लावलेला नाही. स्टूल तिथंच, तिच्यासमोर आहे. हे लिहिताना स्वयंपाकघरातून आताच एक थाप ऐकू आली. बाकीचं राहू दे, चहा गार होईल.