खाडीने परत धाडलेली ताटं

चंद्रकांताचा राग तारापूरच्या मासळीबाजारात सगळ्यांना ठाऊक. कोणी हात हलवत आलं आणि पिशवी मागितली, की ती सुरी खाली ठेवून विचारायची, "घरी डबा नाय काय?" गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर, पण पातळ पिशवीत ती बोंबील घालायची नाही. लोक म्हणत, नवरा गेल्यापासून बाई कडू झाली. साफ खोटं. नवरा होता तेव्हाही ती अशीच होती, आणि तोही तिला वचकून असे.

अशा बाईच्या लेकीची हळद, आणि जेवायला प्लास्टिकची ताटं! उन्नतीच्या हळदीसाठी तिने मासवणच्या सोमीला पळसाच्या पत्रावळी सांगून ठेवल्या होत्या. सोमीने घरच्यांना कामाला लावून त्या टाचल्याही. मग मुलगा मितेश बोईसरहून टेम्पो भरून ताटल्या आणि ग्लास घेऊन आला. सोमीला परस्पर फोन करून 'नको' म्हणाला आणि मोकळा झाला.

"आये, लोकं हसतील. पानावर कोण जेवतं आता?"

"माझा शब्द गेलेला हाय तिकडं," चंद्रकांता म्हणाली.

"शब्दाचं काय एवढं?"

मांडवात पाहुणे होते म्हणून ती गप्प बसली, नाहीतर त्याच ताटल्या तिने त्याच्या पाठीत घातल्या असत्या.

या गावात पंगत उठली की उष्टं खाडीत जातं, आजोबा-पणजोबांपासून. पान कुजतं, उरलंसुरलं खेकडे खातात, कोणाचं काही बिघडत नाही. मितेश आणि त्याचा मित्र धर्मेश यांनी त्याच सवयीने टोपल्या भरभरून ताटल्या पाण्यात उलट्या केल्या. आता पान नाही, प्लास्टिक आहे, एवढं साधं त्या दोन घोड्यांच्या डोक्यात आलं नाही! चंद्रकांता पाहुण्या बायकांना निरोप देत होती. तिला कळलं तेव्हा ओहोटीने सगळं नेलं होतं.

उन्नती सासरी गेली आणि मितेश पुन्हा होडी घेऊन निघाला. खाडीच्या तोंडाशी खुंटांना त्यांचं डोल जाळं बांधलेलं होतं. पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप त्याच्या खोळीत शिरते. त्या दिवशी शिरली होती उन्नतीची हळद. ताटल्या, ग्लास, पिशव्या, आणि त्या ओझ्याने खोळ उभी फाटलेली. बापाने स्वतः विणलेलं जाळं होतं ते, घर त्याच्यावर चालत होतं.

जाळं अंगणात आलं तेव्हा चंद्रकांता सुरी खाली ठेवून उठली. मितेशला खरी भीती तेव्हा वाटली. तिने त्यातल्या दोन धड ताटल्या निवडल्या, राखेने घासल्या आणि कुडाला लावून वाळवल्या. मग मासवणला जाऊन सोमीच्या दारात उभी राहिली.

"माझ्या पोरानं तुला 'नको' सांगितलं, मी 'हो' सांगायला आली हाय."

लेक-जावई परतून आले त्या दिवशी घरी पूजा होती. पूजेचं जेवण, म्हणजे मासळीचं नाव नाही. वालाचं बिरडं, भात, कोशिंबीर, शिरा. सगळ्यांपुढे सोमीच्या पत्रावळी मांडल्या, आणि कोणी हसलं नाही. उलट जावई दुसऱ्यांदा बिरडं मागत होता. मितेश आणि धर्मेश यांच्यापुढे मात्र त्या दोन ताटल्या आल्या, ओरखडलेल्या, हळदीचे डाग तसेच.

"आये, हे काय?"

"तुझंच ताट हाय. खाडीनं परत धाडलं. जेव."

धर्मेशने खाली मान घातली. मितेशचे कान लाल झाले.

"मला पान दे ना."

"पानाची तुला लाज वाटते," चंद्रकांता सगळ्यांदेखत कडाडली. "बापाचं जाळं फाडलंस ती लाज नाय वाटत? जेव गपगुमान!"

तो जेवला. हातात ताटली घेऊन उठला, सवयीने खाडीकडे वळला, आणि अंगणातच थांबला.

"आये," तो म्हणाला, "हे टाकू कुठं?"

चंद्रकांताने कुडाजवळ पडलेल्या फाटक्या जाळ्याकडे बोट दाखवलं.

"त्याला विचार."