दहापैकी किती

मावशीचा हात हलका, असं सगळी गल्ली म्हणायची आणि मावशीला ते ऐकायला आवडायचं. दोन खुर्च्या, एक पलंग आणि मध्ये पडदा, एवढ्या पसाऱ्यावर तिने बावीस वर्षं पार्लर चालवलं होतं. अलीकडे बायका यायच्या त्या पीलसाठी. चेहऱ्याला अ‍ॅसिड लावायचं, वरची मेलेली कातडी सुटू द्यायची आणि आत पोचायच्या आधी सोड्याच्या पाण्याने त्याचा जोर मोडायचा. चुकीला जागा असते ती एक-दोन मिनिटांची.

मावशी घड्याळ लावायची, पण त्याचं ऐकायची नाही. ती विचारायची, "चुरचुरतंय? दहापैकी किती?" सहा म्हटलं की पाणी. बायका कांगावा करतात म्हणून एखादा आकडा ती मनातल्या मनात वजाही करायची. कमी सांगणारी बाई तिला कधी भेटलीच नव्हती.

अशी बाई तिच्या घरातच वाढत होती. बहिणीच्या माघारी भाचीला मावशीनेच सांभाळलं. गुडघा फुटो, सुई टोचो, पोरगी तोंड वाकडं करायची नाही आणि मावशी चारचौघांत मिरवायची, "आमची रडत नाही हो!" त्या कौतुकावरच पोर मोठी झाली. दुसरं कौतुक मावशीला जमलं नाही, हेही खरंच.

भाचीची मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती. मोठ्या हॉटेलात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं हसून स्वागत करायचं काम. गालांवर मुरुमांचे जुने डाग होते.

"मावशी, ते हलकंफुलकं नको. जोराचं लाव."

मावशीने जोराचं लावलं. तिसऱ्या मिनिटाला विचारलं, "किती?"

"एक."

घड्याळ वाजलं. मावशीने ते बंद केलं. "आता?"

"दोन. राहू दे अजून."

"वाघीण आहेस!" मावशी हसली. पलंगाच्या टोकाला पोरीच्या पायांची बोटं आत वळली होती. मावशीने ती पाहिली, गार लागत असेल म्हणून पंखा कमी केला आणि पडद्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला विचारायला गेली की आज भुवयाच करायच्या ना. बोलणं लांबलं. आत शांत होतं, फार शांत.

परत आली तेव्हा डाव्या गालावर दुधावर धरते तशी पांढरी साय धरली होती.

"किती गं?" मावशीने वाकून विचारलं.

"तीन," भाची म्हणाली. डोळे मिटलेले, आणि मुठीत चादरीचा बोळा.

मावशीने सोड्याच्या पाण्याचं अख्खं भांडं चेहऱ्यावर ओतलं. पाणी फसफसलं, पण साय हलली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ घेऊन गाल बराच वेळ पाहिला. "जखम भरेल, पण व्रण राहणार. कुणी केलं हे? परवाना आहे का त्यांच्याकडे?"

परवाना भुवया आणि केसांचा होता. मावशीने तोंड उघडलं, पण भाची आधी बोलली.

"मीच केलं. मोबाईलवर बघून, घरी."

"काय हे! शिकली-सवरलेली मुलगी ना तू?" डॉक्टरीणबाई तिच्यावर चांगल्याच उखडल्या. पोरीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग बाई मावशीकडे वळल्या. "तुम्ही आई का?"

"मावशी."

"बरं केलंत, लगेच घेऊन आलात. तुमच्यासारखं माणूस घरात होतं म्हणून निभावलं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मावशीच्या डोळ्यांपुढे पार्लरचं दार आलं, त्याला लागलेलं कुलूप आलं. तिने मान डोलावली. तिच्या जिवात जीव आला, आणि तो आला हे तिला स्वतःला स्वच्छ कळलं.

भाची तिच्याकडेच बघत होती. तिलाही कळलं.