सगळ्यांना ‘हो’

नव्या फायलींवर मी जुन्या फायली चढवल्या आणि जुना कॉम्प्युटर त्याच दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकला. दोन्ही कामं मी शुद्धीत, पोटभर जेवून आणि कुणाचाही सल्ला न घेता केली.

साताऱ्यात माझा लग्नपत्रिकांचा गाळा आहे. मजकूर मी जुळवतो, छपाई सांगलीला मेहुण्याच्या प्रेसमध्ये होते आणि छापलेले गठ्ठे एसटीनं परत येतात. अब्बा हेच काम शिशाचे खिळे एकेक वेचून करायचे. त्यांची नखं कायम काळी असायची. माझी नखं स्वच्छ आहेत आणि चुका त्यांच्यापेक्षा कितीतरी झपाट्यानं होतात. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

लग्नपत्रिका नवरानवरीसाठी असते असं ज्याला वाटतं त्यानं माझ्या गाळ्यात अर्धा दिवस बसून बघावं. नवरानवरीची नावं दोन ओळींत उरकतात. उरलेला कागद चुलते, मामा, आजी-माजी सरपंच आणि दूध डेअरीचे संचालक यांच्यात वाटायचा असतो. ‘निमंत्रक’ या शब्दाखाली कोण, कुणाचं नाव ठळक, कुणाचं बारीक, कोण कुणाच्या वर, यावरून सख्ख्या भावांनी माझ्या टेबलावर एकमेकांची गचांडी धरलेली मी पाहिली आहे. तळाशी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या पोरांत एक तर अजून जन्मायचं होतं. त्याची जागा आधीच धरून ठेवायला सांगितली होती.

तर, पाटणकडच्या एका गावातून एक गृहस्थ पुतणीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. पांढरा कडक शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दोन्ही कधी उघडलेली नसावीत अशी. सोबत मुलीची आई, म्हणजे त्यांची विधवा भावजय. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. गृहस्थांनी मजकूर सांगितला. निमंत्रक म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत ठळक, त्याखाली त्यांची मुलं, मग भावकी. मुलीच्या नावासमोर ‘कै. अमुक यांची कन्या’. आईचं नाव कुठंच नव्हतं. मलाही त्यात काही खटकलं नाही. अशा पत्रिका मी डोळे मिटून केल्या आहेत. उघडे ठेवून केल्या असत्या तरी फार फरक पडला असता असं नाही.

त्याच आठवड्यात मला शहाणपणाचा झटका आला. जुना कॉम्प्युटर धापा टाकत होता, तो कधीही बसेल म्हणून मी सगळ्या पत्रिका एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी आधीच खबरदारी घेतली. पुढचं सगळं त्या खबरदारीनं घडवलं.

चार दिवसांनी ती बाई एकटीच आली.

“भाऊ, ती पत्रिका छापली न्हाई न्हवं?”

“नाही वहिनी. कार्यालय ठरायचंय म्हणाले होते.”

“बरं झालं. निमंत्रक म्हनून माझं नाव घाला. एकटीचं.”

मी जाणत्यासारखा हसलो. “वहिनी, तशी पद्धत नाही. दीर असताना...”

“पोरीचा बाप गेला तवा ती दुसरीत व्हती. तवापास्नं तिच्या चुलत्यानं तिला एक वही घेतली न्हाई. अंगणवाडीत खिचडी शिजवून शिकीवली मी तिला. पद्धत काय मोडायची ती मी मोडते. तुमी नुसती अक्षरं घाला.”

मी अक्षरं घातली. कागदावर प्रूफ काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं स्वतःच्या नावाखाली बोट ठेवून ते वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि तळाशी सावकाश सही केली. आमच्या धंद्याचा नियम असा, की सही झालेलं प्रूफ भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचं आणि छपाईला पाठवण्याआधी फाइल त्याच्याशी ओळ न ओळ लावून बघायची. मी ते खिळ्याला अडकवलं. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी ही गोष्ट अशा थाटात सांगितली, की विधवांना मान मिळवून देण्याची चळवळ मीच उभी केली आहे. मी केलं होतं काय, तर एका माणसाचं नाव पुसून एका बाईचं टंकलं होतं. हीच अक्कल मला ती स्टुलावर बसली होती तेव्हा सुचली नव्हती.

मग नवा कॉम्प्युटर आला. दुकानदार म्हणाला, “जुना आणून द्या, सगळं नीट हलवून देतो.” खाटीक भाजीवाल्याकडे बघतो तसं मी त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरणाऱ्या माणसाला हा शिकवणार!

जुन्यावरचं सगळं मी वायर जोडून नव्यावर आणलं आणि पहिली पत्रिका उघडली. गणपतीच्या जागी गणपती होता, पण त्याखाली चौकोन, टिंबं, उलटे स्वल्पविराम आणि परदेशी मुळाक्षरं. कुणीतरी कुणालातरी शिव्या दिल्यात आणि त्या छापता येत नाहीत, असा एकूण देखावा. जुने मराठी फाँट आणायचे राहिले होते. ते आणले. मग कळफलक जुन्यासारखा करून घेतला. मग माउसचा बाण मोठा केला, कारण नवा बाण मला सापडत नव्हता. मग जुन्या पडद्यावर जे चिन्ह ज्या कोपऱ्यात होतं ते त्याच कोपऱ्यात ओढून नेलं. शेवटी जुना पिवळट फोटोही मागं लावला. जुना नको म्हणून नवा घेतला आणि तीन दिवस राबून त्याचा जुना केला. माझ्यासारखी माणसं बघूनच कॉम्प्युटर बनवणारे हसत असतील.

सगळं झाल्यावर पेन ड्राइव्ह आठवला. वास्तविक त्याची काहीच गरज नव्हती. त्यातलं सगळं नव्यावर आलेलं होतं, आणि जास्त ताजं आलेलं होतं. पण राहायला नको काही, म्हणून मी तोही खुपसला. कॉम्प्युटरनं इंग्रजीत नम्रपणे विचारलं, की या नावाच्या फायली इथं आधीच आहेत, त्यांच्या जागी ह्या ठेवू का? एकेका फाइलीसाठी तो हेच विचारू लागला. सरकारी कचेरीतल्या शिपायासारखा हा प्रत्येक कागदाला आडवा येणार, असं वाटून मी चिडलो आणि त्यानंच दिलेलं ‘हो, सगळ्यांना’ हे बटण दाबलं. काम चुटकीसरशी झालं. नवा कॉम्प्युटर किती वेगवान आहे याचं मी गाळ्यात हिशेब बघणाऱ्या बायकोकडे कौतुक केलं.

भंगारवाला दारात आला तेव्हा ती म्हणाली, “आठ दिवस थांबा की. तो काय भाकरी मागतोय?”

मी थांबलो नाही.

दोन दिवसांनी दिराचा फोन आला, कार्यालय ठरलं, छापून टाका. मी फाइल उघडली, थेट तळाशी गेलो, कार्यालयाचं नाव घातलं. वरच्या भागाकडे नजरसुद्धा टाकली नाही.

“खिळ्यावरचं प्रूफ लावून बघा,” बायको म्हणाली.

“नव्या कॉम्प्युटरला प्रूफ लागत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. ती आजही, मी मीठ जास्त झालंय म्हटलं की, हे वाक्य मला ऐकवते.

गठ्ठा सांगलीहून आला. दीर साताऱ्याच्या स्टँडवरूनच तो परस्पर घेऊन गेले.

चौथ्या दिवशी ती बाई गाळ्यात उभी. तिनं पत्रिका टेबलावर ठेवली. पत्रिकेवर कुंकवाचं बोट होतं.

“भाऊ, हितं माझं नाव दाखवा.”

मी शोधू लागलो. खरंच शोधू लागलो. वर शोधलं, बारीक अक्षरांत शोधलं, पोरांच्या ओळीत शोधलं. वर ठळक अक्षरांत दीर होते, त्यांची मुलं होती, भावकी होती. ती नव्हती.

बायको उठली, खिळ्यावरून प्रूफ काढलं आणि पत्रिकेशेजारी ठेवलं. आमच्या घरात दखनी बोलतात, पण बायको खरी रागावली की मराठीवर येते. ती मराठीवर आली. “आता सांगा ह्यांना, काय केलंत ते.”

मी पेन ड्राइव्हपासून सुरुवात केली. ह्यातलं त्यात नेताना फायलींची नावं सारखी कशी निघतात, कॉम्प्युटर कसा विचारतो, माणूस कसा गडबडतो. बाईनं मध्येच हात वर केला.

“मला त्यातलं काय कळत न्हाई. दिरांनी निम्म्या गावात वाटल्याती. पारावर बसून सांगत्यात, छापणाऱ्यालाबी कळतं घरात कोन मोठं हाय ते. मी लिवून दिलंय हे समद्यांस्नी ठावं व्हतं. आता लोकं म्हनत्यात, मीच भ्याले आन माझं मीच काढलं.”

मी तसाच भंगारवाल्याकडे धावलो. त्यानं कॉम्प्युटर फोडून तांबं काढलं होतं आणि उरलेलं कोल्हापूरला गेलं होतं. दुरुस्त केलेली फाइल जगात कुठंच नव्हती, होता तो सहीचा कागद. त्यावरून मी सगळी पत्रिका पुन्हा टंकली. बायकोनं फूटपट्टी ठेवून ओळ न ओळ लावून बघितली, आणि पाठवायचं बटण मला दाबू दिलं नाही. सांगलीहून मेहुण्याचा फोन आला, “दुल्हेभाई, ह्या वेळी नक्की कुणाचं लग्न लावताय? पोरीचं का चुलत्याचं?”

बाईची अट एकच होती. “ही कार्डं एसटीत टाकू नका. तुमी घिऊन या. आन तोंडानं सांगा.”

मी गेलो. मला वाटलं होतं, जुनी पत्रिका घ्यायची, नवी द्यायची, तासाभरात मोकळं. पहिल्याच घरात म्हातारीनं पदराआड पत्रिका धरली. “कुंकू-अक्षता लावून दिल्याली हाय. माघारी कशी दिऊ? सुभ कार्याची हाय.” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या पत्रिका केल्या, पण त्या घरोघर कशा जातात हे मी कधी बघितलेलं नव्हतं. कुणीच परत देईना. मग प्रत्येक घरात दोन पत्रिका झाल्या, एकीत दीर बोलावतात आणि दुसरीत भावजय. एकानं विचारलं, “म्हंजे जेवणंबी दोन हाईत काय?”

प्रत्येक उंबऱ्यावर मी तेच म्हणत होतो, “ही खरी. ती माझ्या चुकीनं छापली.” बाई शेजारी उभी राहून ऐकत होती. मी कुठं आवाज बारीक केला की म्हणायची, “जरा मोठ्यानं. आजीस्नी कमी ऐकू येतं.” त्या आजींना सगळं ऐकू येत होतं.

पारावर दीर बसले होते, आजूबाजूला गावची वडीलधारी मंडळी. त्यांनी मला हाक मारली. “काय रं, मी सांगितलं तेच छापलंस. व्हय का न्हाई?”

“होय.”

“मग चूक कसली?”

मुद्दा बिनतोड होता. खरं सांगायचं तर, मान हलवावी आणि निघणाऱ्या गाडीत बसावं असं मला फार वाटलं. बाई दिराकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“तुम्ही सांगितलेली पत्रिका आधीची,” मी म्हणालो. “नंतर ह्यांनी बदलून सही केली. तीच छापायची होती. माझ्या मूर्खपणानं तुमची छापली गेली.”

‘मूर्खपणा’ हा शब्द मोकळ्या पारावर केवढा मोठा ऐकू येतो! दीर म्हणाले, “मग कॉम्प्युटर कशाला घेतलायस?” यावर सगळे हसले. मीही हसलो. कारण हा प्रश्न मीही स्वतःला विचारलेला होता आणि उत्तर मलाही आलेलं नव्हतं.

त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं हसू आवरून हात पुढं केला. “आण रं ती हिकडं. पोरगी हिची, तर बोलावणंबी हिचंच.” त्यानं नवी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, मोठ्यानं बाईचं नाव वाचलं आणि घडी करून बंडीच्या खिशात घातली. मग दुसऱ्यानं हात पुढं केला, मग तिसऱ्यानं. दीर उठले आणि चपला शोधू लागले.

गाडी यायच्या आधी बाईनं पिशवीतून एक पत्रिका काढली, तिला कुंकू-अक्षता लावल्या आणि माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, माफी मिळाली.

“लग्नाला या भाऊ. घरच्यांस्नी घिऊन या. पर पंगतीत वाढायला तेवढं उठू नका. ह्या भांड्यातलं त्या भांड्यात न्यायचं काम तुमचं न्हवं.”