नातीच्या घासातला दात

सुनेनं नातीच्या तोंडात बोट घातलं आणि माझा दात बाहेर काढला.

भाकर मी चावून देत होते. आमच्याकडे दात न आलेल्या लेकराला घरातली म्हातारी असाच घास मऊ करून भरवते. माझी लेकरंही तशीच वाढली. दात इतका ढिला होता की घासाबरोबर कधी गेला ते मला कळलंच नाही. लेकरू ठसकलं, लाल झालं, तेव्हा सून चुलीजवळून धावली.

तिनं तो तळहातावर धरला. बुडाशी काळं कीट. वास तिलाही आला, मलाही.

"आई, डाक्टरीनबाईनं तुमाले का सांगतलं होतं?"

सांगितलं होतं. आलापल्लीच्या दवाखान्यात डाक्टरीनबाईनं माझं तोंड पाहिलं होतं. हिरड्यांत पू झालाय, दातांवरचं कीट मशीननं खरवडावं लागेल, म्हणाली. मी नाही म्हटलं. आमच्या गावच्या बाया मानतात की कीटच दात धरून ठेवतं, ते काढलं की दात हलतात.

"गिलावा खरवडला त भिंत राह्यते का, बाई?" मी तिलाच विचारलं.

"आजी, हा गिलावा नाही, वाळवी आहे."

गुळण्यांचं औषधही तिनं लिहून दिलं. हे खरवडण्याच्या सोबतीला आहे, कीटाच्या आत ते पोचत नाही, असं बजावलं. मी औषध तेवढं आणलं. सकाळी गुडाखू, म्हणजे ती तंबाखूची काळी पेस्ट, दातांना घासायची आणि वर गुळणी करायची. वास दबायचा. सुनेनं विचारलं की म्हणायची, "इलाज चालू हाये."

घासात दात निघाला त्या दिवसापासून सुनेनं लेकरू माझ्याजवळ दिलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. शेवटी मीच म्हटलं, "चाल, खरवडून आनू."

खरवडल्यावर आणखी दात हलले. कीटाखाली धरायला काही उरलंच नव्हतं. ते दातही काढले. गुडाखूची डबी मी चुलीत टाकली.

आता सून लेकराला माझ्या मांडीवर देते. घास मात्र ती स्वतः भरवते, वाटीत दुधात कुस्करून, आणि एक डोळा माझ्या हातावर ठेवते. मी हात हलवत नाही.

दात निघाला त्या दुपारी घरात आम्ही तिघीच होतो. नात, सून आणि मी. सुनेनं ते अजून चौथ्या कोणाला सांगितलेलं नाही.